व्हायरल लोड दबलेला, मग एसजीपीटी का वाढलं?

सांगली जिल्ह्यातल्या ४४ वर्षांच्या एका दुकानदारांचा प्रश्न आहे. त्यांना एचआयव्ही आहे आणि दहा वर्षं एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, सुरू आहेत. आधी रात्री झोपताना घ्यायची गोळी होती, गेली तीन-चार वर्षं टीएलडी (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली गोळी) आहे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दरवर्षी ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ येतो. मात्र गोळी बदलल्यापासून वजन ६१ वरून ७२ किलो झालं. मेव्हण्यांच्या आग्रहावरून त्यांनी बाहेरच्या लॅबकडून ‘फुल बॉडी चेकअप’ करून घेतलं. लॅबचा माणूस घरी आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि यांचा चहा-खारी झाला होता. रिपोर्टमध्ये लिव्हरच्या तपासण्यांत एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२, जीजीटी ९६; किडनीचं क्रिएटिनिन १.२ (पूर्वी १.० असायचं), साखर ११२, ट्रायग्लिसराइड २६०, एकूण कोलेस्टेरॉल १९८ आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. बिलिरुबिन व अल्ब्युमिन नॉर्मल, प्लेटलेट दोन लाख तीस हजार. उंची पाच फूट चार इंच, कंबर ९८ सेंटिमीटर. त्यांचे प्रश्न तीन आहेत: एवढ्या वर्षांच्या गोळीने लिव्हर खराब झालं का? दोन महिने गोळी थांबवून लिव्हरला विश्रांती द्यावी का? आणि ओळखीतल्या एकाने लिव्हर साफ करणारा काढा सांगितला आहे, तो चालेल का?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घाई त्याचीच आहे. गोळी एक दिवसही थांबवू नका. औषधापासून शरीराला मधूनमधून विश्रांती द्यावी, ही कल्पना एकेकाळी डॉक्टरांनाही पटत होती. म्हणून ती नीट तपासली गेली. ‘स्मार्ट’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साडेपाच हजारांच्या आसपास लोक होते. निम्म्यांनी गोळ्या सलग घेतल्या, तर निम्म्यांनी सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला असेल तोवर थांबवल्या आणि तो घसरला की पुन्हा सुरू केल्या. २००६ मध्ये निकाल आले. गोळ्या थांबवणाऱ्यांमध्ये एड्सशी जोडलेले आजार आणि मृत्यू अडीचपटीहून जास्त निघाले. तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट पुढची आहे: हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि लिव्हरचे गंभीर त्रासही गोळ्या थांबवणाऱ्यांनाच जास्त झाले. गोळी थांबली की विषाणू काही आठवड्यांत पुन्हा वाढतो, सगळ्या शरीरात दाह भडकतो आणि त्याचा मार रक्तवाहिन्यांना व लिव्हरलाही बसतो. म्हणजे विश्रांती मिळतच नाही.

दुसरं कारण आणखी नेमकं आहे. तुमच्या गोळीतले टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन हे दोन घटक हेपॅटायटिस बी च्या विषाणूलाही दाबून ठेवतात. कुणाला एचआयव्हीसोबत हेपॅटायटिस बी असेल आणि त्याने टीएलडी अचानक सोडली, तर बी चा विषाणू उसळतो. मग एसजीपीटी ७८ वर राहत नाही, शेकड्यांत जातं, कधी हजारावर. त्यातून लिव्हर निकामी होऊन माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. एआरटी सेंटरच्या तुमच्या हिरव्या पुस्तकात एचबीएसएजीचा, म्हणजे हेपॅटायटिस बी च्या रक्ततपासणीचा, निकाल लिहिलेला असेल, तो शोधून बघा. नसेल तर पुढच्या भेटीत तो आणि हेपॅटायटिस सी ची तपासणी करून घ्या. पॉझिटिव्ह निघाला तर एसजीपीटी का वाढलं याचा विचार तिथूनच सुरू होईल. मात्र निकाल काहीही आला तरी गोळी सुरूच राहील.

आता त्या आकड्यांकडे येऊ. एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत काम करणारी एन्झाइम आहेत. अमिनो आम्लाचा नायट्रोजनचा भाग काढून दुसऱ्या रेणूला जोडणं हे त्यांचं काम, आणि ते पेशीतच चालतं. रक्तात त्यांना काही काम नसतं. पेशी जुन्या होऊन मरतात तेव्हा थोडं एन्झाइम बाहेर येतं, म्हणून निरोगी माणसाच्या रक्तातही ते थोडं सापडतंच. लिव्हरच्या पेशींना इजा झाली की गळती वाढते. एसजीपीटी बहुतांशी लिव्हरमधून येतं; एसजीओटी मात्र स्नायू, हृदय आणि तांबड्या पेशींमध्येही भरपूर असतं. म्हणून आदल्या दिवशी जड पोती उचलली असतील किंवा जिममध्ये जोर लावला असेल तर एसजीओटी वाढतं, थोडं एसजीपीटीही वाढतं. अशा वेळी सीपीके ही स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी केली की गळती स्नायूंतून आहे का ते कळतं. रक्त काढताना पट्टा फार वेळ आवळून ठेवला, नमुना हिंदकळला आणि तांबड्या पेशी फुटल्या, तरी एसजीओटी खोटं वाढलेलं दिसतं.

ही एन्झाइम गळती दाखवतात; लिव्हरची ताकद दाखवत नाहीत. लिव्हर काम किती करतंय हे अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवरून कळतं. तुमचं अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन दोन्ही नॉर्मल आहे. म्हणजे लिव्हर आपलं काम करतंय, पण त्याच्या पेशींना रोज थोडी इजा होते आहे. ‘रोज’ म्हणण्याचं कारण असं की रक्तात आलेलं एसजीपीटी साधारण दोन दिवसांत निम्मं होतं. आकडा महिनोन्महिने ७८ च्या आसपास राहत असेल, तर मागून तेवढी भर सतत पडते आहे. उलट एकाच रिपोर्टमध्ये वाढलं असेल तर तो आठवडाभरापूर्वीच्या तापाचा किंवा एखाद्या औषधाचा परिणामही असू शकतो. म्हणून एका आकड्यावर मी कधी निदान करत नाही.

लॅबच्या कागदावर एसजीपीटीची वरची मर्यादा ४० ते ५५ च्या दरम्यान छापलेली असते. ज्यांना लिव्हरचा कसलाही त्रास नाही अशा पुरुषांत ते साधारण तेहेतिसाच्या आत आणि बायकांत पंचविसाच्या आत असतं. त्यामुळे ४८ आलं आणि लाल खूण नाही म्हणून निश्चिंत होणारी एखादी ताई माझ्या लेखी निश्चिंत नसते. तुमचं ७८ ही सौम्य वाढ आहे. घाबरण्यासारखी नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही नाही. दोनशेच्या पुढे गेलं असतं, किंवा याच आकड्यासोबत डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या, अन्नावरची वासना गेलेली असं काही असतं, तर हे उत्तर वाचत बसू नका, आजच दवाखान्यात जा, असं सांगितलं असतं.

गोळीने लिव्हर खराब होतं ही भीती आपल्याकडे कुठून आली ते मला ठाऊक आहे, आणि ती हवेतून आलेली नाही. १ एप्रिल २००४ ला आपल्या देशात सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली. तेव्हा बहुतेकांना स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन हे तीन घटक मिळायचे. त्या गोळ्यांनी असंख्य जीव वाचवले, पण त्यांची किंमतही मोजावी लागली. नेव्हिरॅपिनने पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ आणि लिव्हरला सूज यायची, विशेषतः सीडी-४ बरा असलेल्या बायकांना. स्टॅव्हुडिनचं नुकसान हळूहळू व्हायचं. एचआयव्ही ज्या एन्झाइमने आपली प्रत काढतो त्याला ते अडवायचं, पण आपल्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाची डीएनए बनवणारं एन्झाइमही त्यात सापडायचं. पेशीचं ऊर्जाकेंद्रच मंदावलं की चरबी जळत नाही, लिव्हरमध्ये साठते आणि रक्तात लॅक्टेट चढतं. गाल आत गेलेले, हातापायांवर दोरीसारख्या शिरा, पोट सुटलेलं, मानेमागे चरबीचा गोळा: त्या काळातल्या अनेकांचं शरीर असं झालं होतं. गावात त्यावरून माणूस ओळखला जायचा. तुम्हाला ‘गोळी लिव्हर खाते’ असं सांगणाऱ्याने कदाचित असंच कुणी जवळून पाहिलेलं असेल.

टीएलडी तशी नाही. तिच्यातले टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन मायटोकॉन्ड्रियाच्या त्या एन्झाइमला फारच कमी त्रास देतात. तिसरा घटक डोल्युटेग्राविर विषाणूच्या इंटिग्रेज या एन्झाइमला अडवतो, आणि आपल्या पेशींमध्ये त्या जातीचं एन्झाइम नाही. डोल्युटेग्राविरनेही लिव्हरला सूज येऊ शकते, पण ते क्वचित, आणि बहुधा सुरुवातीच्या महिन्यांत. तीन-चार वर्षं निवांत गेल्यावर गोळीनेच एसजीपीटी ७८ झालं असं मानायला माझं मन तयार नाही. मधल्या काळात टीबी टाळण्यासाठी आयसोनियाझिडचा कोर्स झाला असेल किंवा टीबीची औषधं सुरू असतील, तर मात्र तारखा जुळवून बघाव्या लागतील. त्या औषधांनी एसजीपीटी खरंच वाढतं.

मला तुमच्या रिपोर्टमध्ये दिसतं ते असं: एसजीपीटी हे एसजीओटीपेक्षा जास्त, जीजीटी वाढलेलं, ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, वजन अकरा किलोंनी वाढलेलं आणि कंबर ९८. हे फॅटी लिव्हरचं, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठल्याचं, नेहमीचं चित्र आहे. दारूने झालेल्या इजेत उलट असतं. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास जातं. पण जीजीटी ९६ आहे म्हणून विचारायलाच हवं: दारू किती आणि किती वेळा? ‘फक्त शनिवारी’ असेल तरी शनिवारी किती, ते तुमच्या डॉक्टरांना खरं सांगा. फॅटी लिव्हरवर थोडी दारूही इजा वाढवते. सध्या ती पूर्ण थांबवा. तीन महिन्यांनी आकडे पुन्हा बघितले की तिचा वाटा किती होता ते कळेल.

वजनाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण औषधाची जबाबदारी काही असेल तर ती इथे आहे. डोल्युटेग्राविरवर गेलेल्यांचं वजन इतरांपेक्षा जास्त वाढतं, बायकांचं आणखी जास्त. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग आणि कॅमेरूनमधल्या दोन मोठ्या अभ्यासांतून हे ठळकपणे समोर आलं. त्यात एक बारकावा आहे. तुमच्या जुन्या रात्रीच्या गोळीत इफाव्हिरेन्झ होतं. ते लिव्हरमधल्या सीवायपी-टू-बी-सिक्स नावाच्या एन्झाइमने मोडलं जातं. ज्यांचं हे एन्झाइम जन्मजात मंद आहे त्यांच्या रक्तात इफाव्हिरेन्झ जास्त साचतं आणि वजन वाढायला आडवं येतं. भारतात अशी माणसं कमी नाहीत. गोळी बदलली की हा अडथळा निघून जातो. मग नव्या गोळीने वजन चढवलं असं दिसतं, पण काही भाग जुन्या गोळीने अडवून ठेवलेला असतो. तुम्हाला त्या गोळीने रात्री विचित्र स्वप्नं पडायची, सकाळी गरगरायचं, असं असेल तर तुम्ही त्यांतलेच असण्याची शक्यता वाढते. यावरून जुन्या गोळीवर परत जायचं असा अर्थ काढू नका. विषाणू दाबायला टीएलडी अधिक भक्कम आहे.

पण सगळा भार गोळीवर टाकणंही बरोबर नाही. आपल्या घरांत एचआयव्ही आणि बारीक होणं ही जोडी इतकी पक्की बसली आहे की वजन वाढलं की सगळ्यांना हायसं वाटतं. आई ताटात जास्तीची भाकरी टाकते, बायको तुपाचा हात सैल सोडते, आणि आम्ही सेंटरवरचे लोकही काट्यावर किलो वाढला की ‘छान’ म्हणतो. सुरुवातीला ते बरोबरच असतं, कारण आजाराने खाल्लेलं वजन भरून यायला हवं. पण ६१ वर तुम्ही ठीक होतात. त्यापुढचे अकरा किलो हे बरं होण्याचे किलो नव्हते. वजन कमी करा म्हटलं की माझे रुग्ण खाली बघतात, आणि थोड्या वेळाने खरं कारण बाहेर येतं: ‘मॅडम, बारीक दिसलो तर लोक विचारतील.’ ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणारा डॉक्टर या कामाचा नाही. यावर माझं सांगणं एवढंच असतं की हळूहळू उतरवा. महिन्याला किलो-दीड किलो कमी झालं तर चेहरा ओढलेला दिसत नाही, पट्ट्याचं भोक तेवढं बदलतं. आणि कुणी विचारलंच तर ‘शुगर बॉर्डरला आली होती, डॉक्टरांनी सांगितलं’ हे उत्तर आज कुठल्याही गावात चालतं.

किती उतरवायचं? सध्या तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २७ आहे. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवी. वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तुमचे साडेतीन-चार किलो उतरले तरी लिव्हरमधली चरबी घटते. सात ते दहा टक्क्यांवर सूजही ओसरते. म्हणजे ६५-६६ पर्यंत आलात तरी एसजीपीटीत स्पष्ट फरक दिसेल. ६१ चा हट्ट नको.

तुम्ही दुकानात बसता, म्हणून तुमच्या दिवसाचा अंदाज करते. सकाळी साखरेचा चहा आणि खारी, अकराला कुणी आलं की पुन्हा चहा, दुपारी भात-आमटी, चारला चहा-बिस्किट, संध्याकाळी वडापाव किंवा भजी, रात्री उशिरा पोटभर जेवण आणि लगेच अंथरूण. यात मटण-चिकन कुठेही नाही, तरी लिव्हर चरबीने भरतं. जास्तीची साखर आणि मैदा यांची चरबी लिव्हरच बनवतं आणि ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. म्हणून तेल मोजण्याआधी चहातली साखर आणि खारी-बिस्किटं बंद करा. ज्वारीची भाकरी ठेवा, पण तीनऐवजी दोन, आणि ताटात उसळ, अंडं, पालेभाजी वाढवा. रात्रीचं जेवण आठच्या आत, त्यानंतर अर्धा तास चाला. दुकान बंद करायची वेळ लवकर करता येत नसेल तर जेवण दुकानातच मागवा. डाएटचा छापील तक्ता मी देत नाही, तो दोन आठवड्यांत भिंतीवरून उतरतो.

लिव्हर कितपत कडक झालंय याचा पहिला अंदाज घरबसल्या काढता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमचं ४४ गुणिले ५२ म्हणजे २२८८. ७८ चं वर्गमूळ ८.८३, ते गुणिले २३० म्हणजे साधारण २०३१. भागाकार १.१३. आकडा १.३ च्या खाली असेल तर लिव्हरमध्ये मोठे व्रण असण्याची शक्यता कमी असते, २.६७ च्या वर असेल तर तातडीने तज्ज्ञांकडे जावं. तुमचं खालच्या गटात येतं, ही मनापासून चांगली बातमी आहे. सोनोग्राफी एकदा करून घ्या. त्यात ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ लिहून आलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, आज लागणार नाही. वर्षभराने फिब-४ पुन्हा काढा.

क्रिएटिनिन १.० चं १.२ झालं, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी किडनीची भीती घालेल म्हणून आधीच सांगते. डोल्युटेग्राविर मूत्रपिंडातली क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडवतं. त्यामुळे गोळी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याभरात क्रिएटिनिन ०.१-०.२ ने वाढून तिथेच स्थिरावतं. गाळण्याचं काम तेवढंच चालू असतं. मात्र आकडा पुढे चढतच राहिला तर टेनोफोव्हिरचा संशय घ्यायचा. त्यासाठी लघवीची साधी तपासणी पुरते: प्रथिनं जाताहेत का, आणि रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर दिसतेय का, हे बघायचं.

साखर ११२ आणि ट्रायग्लिसराइड २६० या दोन आकड्यांवर मी आज काही ठरवणार नाही, कारण चहा-खारीनंतर रक्त दिलं होतं. साखरेचं तर दुसरंही एक भानगडीचं कारण असतं: नमुना साध्या बाटलीत उन्हात फिरत राहिला तर तांबड्या पेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि ती खोटी कमी दिसते. म्हणून साखरेसाठी करड्या झाकणाची बाटली वापरतात, बघून घ्या. रात्री आठला जेवून सकाळी काहीही न घेता रक्त द्या. उपाशीपोटी १०० ते १२५ आलं तर मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आलं तर मधुमेह. एचबीए-वन-सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) एचआयव्हीच्या रुग्णांत, विशेषतः झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांत किंवा रक्त कमी असलेल्यांत, खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतं, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. मधुमेह निघाला आणि त्यावरचं मेटफॉर्मिन सुरू झालं, तर डोल्युटेग्राविर मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी बरीच वाढवतं. म्हणून दिवसाला एकूण १००० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. हे बाहेरच्या डॉक्टरांना ठाऊक असेलच असं धरू नका.

ट्रायग्लिसराइड रक्तातून साफ करायचं काम लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम करतं. ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतं आणि चरबी स्नायूंना वाटून देतं. विषाणू मोकाट असताना दाहामुळे हे काम मंदावतं, आणि लिव्हर चरबी जास्त बनवतं. म्हणून उपचाराआधीच्या एचआयव्हीत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असतं. रिटोनाव्हिर असलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या गोळ्यांनीही ट्रायग्लिसराइड वाढतं. तुमच्या बाबतीत विषाणू दबलेला आहे आणि रिटोनाव्हिर नाही. उरतात कंबर आणि साखर. चालण्याने स्नायूंमधलं हे एन्झाइम वाढतं, म्हणून जेवणानंतरच्या अर्ध्या तासाचा माझा आग्रह आहे. काही मोठ्या लॅबच्या पॅकेजमध्ये पॅराऑक्सोनेजसारखी नावंही दिसतील. पॅराऑक्सोनेज हे एचडीएलसोबत फिरणारं एन्झाइम आहे आणि एचआयव्ही असलेल्यांत त्याचं काम कमी पडलेलं काही अभ्यासांत दिसलं आहे. संशोधनासाठी ते महत्त्वाचं आहे, पण तुमच्या उपचारात त्याने काहीही बदलणार नाही. ते पैसे वाचवा.

मला खरी काळजी तुमच्या हृदयाची वाटते. विषाणू पूर्ण दबलेला असला तरी शरीरात थोडा दाह शिल्लक राहतो. संसर्गाच्या पहिल्याच आठवड्यांत आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, तो बांध पूर्वीसारखा कधी होत नाही, आणि जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात. त्यामुळे एचआयव्ही असलेल्यांना हृदयविकाराचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा साधारण दीड ते दुप्पट असतो. भारतासह १२ देशांत झालेल्या ‘रिप्रीव्ह’ अभ्यासात ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ लोकांपैकी निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन ४ मिलिग्रॅम रोज दिलं (हे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांपैकी एक). या लोकांचा धोका प्रचलित हिशेबाने कमी ते मध्यम होता, म्हणजे एरवी त्यांना कुणी स्टॅटिन दिलंच नसतं. २०२३ मध्ये निकाल आला: हृदयविकाराच्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी. मधुमेह होण्याचं प्रमाण स्टॅटिनवर थोडं जास्त होतं, तरी एकूण फायदा मोठा. तुम्ही ४४ चे आहात. तुमच्या डॉक्टरांशी स्टॅटिनबद्दल बोला. पिटाव्हास्टॅटिन महाग पडलं तर अटॉर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन टीएलडीसोबत चालतं. एसजीपीटी ७८ असताना स्टॅटिन देत नाहीत असं कुणी म्हणेल. ते खरं नाही. सौम्य वाढीत आणि फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित आहे. आणि तंबाखू, मिसरी, सिगारेट यांपैकी काहीही असेल तर स्टॅटिनच्या आधी ते सोडवायला मदत मागा. सेंटरवरचे समुपदेशक त्यासाठीही असतात.

काढ्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. यात आयुर्वेदाचा अपमान करायचा हेतू नाही. लिव्हरला इजा झालेली असताना नेमकं काय आणि किती आहे ते ठाऊक नसलेली वस्तू पोटात घालू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी प्यायले गेले, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांमध्ये लिव्हरला गंभीर सूज आल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण पुढे देशातल्या इतर ठिकाणांहूनही तशाच नोंदी आल्या. पावडरी आणि भस्मांमध्ये जड धातू सापडतात. जिमवाल्यांच्या डब्यांबद्दलही माझं हेच मत आहे. तुम्ही आधीच काही घेत असाल तर बंद करा आणि बाटली किंवा पुडी टाकून न देता डॉक्टरांना दाखवा. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर तेही सांगा. ही द्रव्यं डोल्युटेग्राविरला पोटातच बांधून ठेवतात. म्हणून टीएलडी ॲसिडिटीच्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम किंवा लोह जेवणाबरोबर घेत असाल तर टीएलडी त्याच जेवणाबरोबर चालते.

आता क्रम. या आठवड्यात हिरव्या पुस्तकातला एचबीएसएजी शोधा. पुढच्या आठवड्यात उपाशीपोटी साखर आणि लिपिड, सोबत लघवी आणि सोनोग्राफी. दारू आणि काढा आजपासून बंद, दोन्ही नसतील तर उत्तमच. तीन महिन्यांनी एसजीपीटी, एसजीओटी, जीजीटी आणि प्लेटलेट पुन्हा. त्याच लॅबमध्ये, आदल्या दोन दिवसांत जड काम न करता. आकडे उतरत असतील तर पुढची तपासणी सहा महिन्यांनी. वजन उतरूनही एसजीपीटी तिथेच राहिलं किंवा वाढलं, तर लिव्हरच्या तज्ज्ञांकडे जावं लागेल, कारण शरीराने स्वतःच्याच लिव्हरवर हल्ला करण्याचे आजार, लोह किंवा तांब्याचे दोष, थायरॉइड अशी मागची नावं तेव्हा पुढे येतात.

त्या तज्ज्ञांना, आणि स्टॅटिन किंवा मेटफॉर्मिन लिहून देणाऱ्या कुठल्याही डॉक्टरांना, तुम्ही टीएलडी घेता हे सांगावं लागेल. ते जिवावर येतं हे मला कळतं. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार उपचार करणाऱ्यांना तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. मेव्हण्यांना रिपोर्ट दाखवायचा की नाही हे मात्र सर्वस्वी तुमच्या हातात आहे. चिठ्ठीवर काय लिहिलं जाईल याची धास्ती वाटत असेल तर आधी सेंटरच्या डॉक्टरांकडून औषधांची नावं लिहिलेलं पत्र बंद पाकिटात घ्या आणि ते थेट त्या डॉक्टरांच्या हातात द्या. कुणी उपचार नाकारले किंवा वाट सापडेनाशी झाली तर १०९७ वर फोन करा. तो मोफत आहे आणि नाव सांगावं लागत नाही.